थोरला थोरला, फासा चोरला

"फासा गेला," मॅडम म्हणाल्या आणि हातातला जर्नलांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर आपटला.

संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाची तीस मुलं-मुली बसली होती. खडूची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती.

"तीस डब्या. प्रत्येकीवर एकेकाचं नाव, आत एकेक फासा. एकोणतीस खरे, एक खोटा. त्याच्या पोटात एका बाजूला शिशाचा थेंब. डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळत नाही. टाकत राहिलं, की लक्षात येतं, सहा फारच येतोय. तो कुणाच्या डबीत आहे हे मी स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. गेल्या तासाला प्रत्येकाने आपापला फासा एकशे वीस वेळा टाकून आकडे लिहायचे होते. लिहिलेत. सुबक लिहिलेत. तीसही जर्नलं तपासली." मॅडमनी चष्मा काढला. "एकातही खोटा फासा नाही. म्हणजे कुणीतरी तो काढून घेतला आणि डबीत बाजारातला ठेवला."

पहिल्या बाकावरून एक हात वर गेला. वर्गप्रतिनिधी मुलीचा. कशावरही वाद घालते म्हणून सगळे तिला वकील म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

"मॅडम, मी एकाच्या पिशवीत फासा बघितलाय."

"कुणाच्या?"

"थोरल्याच्या."

खिडकीजवळच्या कोपऱ्यातला थोरला उभा राहिला. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. पहाटे बेकरीत पीठ मळून यायचा. कानाच्या पाळीवर बहुतेक रोज पिठाचा पुसट डाग असायचा. गेल्या वर्षी याच विषयात नापास झालेला. त्याने पिशवीतून फासा काढून मुकाट्याने टेबलावर ठेवला.

"माझा आहे, मॅडम. सरावासाठी घेतलाय."

"फासा टाकायचा सराव?" मागच्या बाकावरचा रेडिओ म्हणाला. त्याचं तोंड कधीच बंद नसायचं, नाव त्यावरूनच पडलेलं. वर्ग खदखदला.

"बाजारात दोन फाशांचं पाकीट मिळतं," वकील म्हणाली. "एक पिशवीत. दुसरा डबीत गेला नसेल कशावरून?"

मॅडमनी थोरल्याचं जर्नल उघडलं. "चार सत्तावीस वेळा. तीन पंधरा वेळा. खऱ्या फाशाच्या चाचणीत बसतंय… पण सगळ्यांत वेडंवाकडं तुझंच आहे."

"आकडे ठोकून दिलेत!" रेडिओ ओरडला.

थोरला उजवं मनगट डाव्या हाताने चोळत उभा राहिला.

"उद्या दुपारपर्यंत फासा या टेबलावर हवा," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर विभागप्रमुखांना कळवावं लागेल."

त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. प्रॅक्टिकलचे गुण अडले की वर्ष गेलं. आणि तिसरी संधी या विद्यापीठात कुणालाच मिळत नव्हती.

त्याच दिवशी दुपारपर्यंत फळ्यावर खडूने दोन ओळी उमटल्या होत्या:

थोरला थोरला, फासा चोरला,
एकदा नापास, पुन्हा हरला.

जिन्यात, कँटीनमध्ये, सायकलींच्या स्टँडवर तेच गाणं. पोरं टाळ्यांवर म्हणत होती. ओळी वकीलने लिहिल्या नव्हत्या. पण पहिला सूर तिचाच होता, आणि तो आता तिच्या मागेमागे कॉरिडॉरभर चालत होता. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. पायात काटा मोडावा आणि दिसू नये, तसं काहीतरी झालं होतं.

पुरावा सापडला की काटा निघेल, असं तिने ठरवलं.

थोरला नळावर बाटली भरत होता.

"त्या दिवशी सगळ्यांत शेवटी कोण निघालं?"

"मी."

"का?"

"झालं नव्हतं माझं."

"बाकीच्यांचं अर्ध्या तासात झालं."

"हो. झालं खरं." तो बाटलीकडेच बघत होता.

"म्हणजे तू एकटा होतास आणि डब्यांचं कपाट उघडं होतं."

"होतं."

"फासा बदललास?"

"नाही."

"पाकिटातला दुसरा कुठाय?"

"आईने बटणांच्या डब्यात टाकलाय. ये घरी, दाखवतो."

"हा काय पुरावा झाला?"

तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "न केल्याचा पुरावा कसा देतात गं? तूच वकील, तूच सांग." मग सहज, बाटलीचं झाकण लावत त्याने विचारलं, "तुझा सहा किती वेळा आला?"

"प्रश्न मी विचारतेय," ती म्हणाली. जरा घाईनेच.

त्याने मान हलवली. मनगट चोळलं.

"पीठ मळून दुखतं का?"

"पिठाने कधी दुखत नाही. त्याची सवय आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

प्रयोगशाळेच्या बरोबर खाली वाचनालय. दुसऱ्या दिवशी सकाळी वकील तिथे गेली. लायब्ररीतल्या काकू परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होत्या.

"काकू, गेल्या प्रॅक्टिकलच्या दिवशी वर उशिरापर्यंत कुणाची चाहूल लागली का? कपाटाचा आवाज, काही?"

"अगं, तुमच्यावर तर मी खूश आहे!" काकू स्टुलावरून खाली उतरल्या. "दरवर्षी त्या तासाला माझ्या छतावर गारा पडतात. लाकडी टेबलं आणि तुम्ही तीस टाळकी. खडखड, खडखड! वाचणारे शिव्या घालत उठून जातात. यंदाची बॅच कशी गुणाची! आवाज म्हणून नाही."

वकीलचा हात टेबलाच्या कडेवर थांबला.

"अजिबात नाही?"

"एकच काय तो. टप… टप… त्या वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या वर. तास संपला, घंटा झाली, तुम्ही धडधडत खाली उतरलात, तरी त्याचं आपलं चालूच. कोण गं तो एवढा चिकट?"

वकीलने वर पाहिलं. वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या वर कोणता कोपरा येतो, हे तिला बघावं लागलं नाही.

"पुढच्या तासाला काय होतं तुमचं?" काकूंनी विचारलं.

"गणिताची चाचणी."

"आणि तुमच्या मॅडम?"

"मीटिंगला गेल्या होत्या."

"हां," काकू म्हणाल्या आणि पुन्हा स्टुलावर चढल्या. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "चेहरा का गं उतरला तुझा?"

मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी होती. वकीलने कपाट उघडलं. पत्र्याच्या तीस डब्या ओळीने बसल्या होत्या. तिने एक काढली. फासा टेबलावर टाकला. मग पुन्हा. मग पुन्हा. रिकाम्या खोलीत तो आवाज फार मोठा वाटत होता. थोड्या वेळाने ती थांबली आणि खुर्चीत बसली.

मग तिने आणखी एक डबी काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. दोन्ही उघड्या. दोन फासे, जुळ्यांसारखे. कुणी बघत नव्हतं. बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी गुणगुणत गेलं: थोरला थोरला…

तिचा हात उचलला गेला, आणि हवेतच राहिला.

घंटा झाली तेव्हा दोन्ही डब्या कपाटात होत्या.

दुपारी सगळे जमले. टेबल रिकामं होतं. विभागप्रमुखांना द्यायचं पत्र मॅडमच्या पर्समधून डोकावत होतं. थोरला त्याच्या कोपऱ्यात, पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, जणू निघायच्या तयारीने.

"मॅडम," वकील उभी राहिली. "फासा चोरीला गेलेला नाही."

"मग?"

"डबीतच आहे. पहिल्या दिवसापासून."

"काहीतरीच! तीसही जर्नलांत—"

"तेच सांगायचंय." ती जर्नलांच्या गठ्ठ्याकडे वळली. "मॅडम, कुठलंही जर्नल उघडा. थोरल्याचं सोडून."

मॅडमनी वरचं उघडलं. "वीस, एकोणीस, एकवीस, वीस, वीस, वीस."

"दुसरं."

"एकोणीस, वीस, एकवीस, एकवीस, एकोणीस, वीस." मॅडमचा आवाज हळू झाला. त्यांनी तिसरं उघडलं, चौथं उघडलं. मग वाचायचं थांबवलं.

"सगळी एकाच आईची लेकरं," वकील म्हणाली. "प्रत्येक बाजू साधारण वीस वेळा यावी, हे तुम्ही शिकवलंत. म्हणून सगळ्यांनी वीसच्या आसपास लिहिलं. पण खरा फासा असा शहाण्यासारखा पडत नाही. कधी चार सत्तावीस वेळा येतो, कधी तीन पंधरा वेळा. आपण ज्याला वेडंवाकडं म्हटलं ना, ते एकच जर्नल खरं आहे."

रेडिओ आज बंद होता.

"खाली लायब्ररीत विचारा. दरवर्षी त्या तासाला छतावर गारा पडतात. या वर्षी एकच फासा वाजला, खिडकीच्या कोपऱ्यात. बाकीचे बाकाखाली गणिताची वही उघडून बसले होते. थोरला शेवटी निघाला, कारण तो खरोखर टाकत होता. त्याचं मनगट दुखत होतं. या वर्गात दुसऱ्या कुणाचं दुखतंय? सांगा ना. हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. सगळे आपापल्या हातांकडे मात्र बघत होते.

मॅडम खुर्चीत बसल्या. "मी वाकडं शोधत होते," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आणि इतकं सरळ समोर आलं, ते दिसलंच नाही. वर सुबक म्हणून कौतुक केलं." मग त्यांनी मान वर केली. "पण मग खोटा फासा कुणाच्या डबीत आहे? ज्याच्याकडे असेल, त्याने खरंच टाकला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. कोण तो?"

वकील कपाटाकडे गेली. डब्या चाळवल्याचा आवाज झाला. एक डबी घेऊन ती मॅडमच्या टेबलाशी आली, आणि डबीवरचं नाव अंगठ्याने झाकावंसं तिला वाटलं. तिने अंगठा बाजूला केला.

फासा टाकला. सहा.

पुन्हा. सहा.

पुन्हा. दोन. मग सहा. मग सहा.

मॅडमनी डबीवरचं नाव वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"तुझी?"

"माझी." लाज पावलं न वाजवता येते, ती आली होती आणि मानेवरून कानांपर्यंत चढत होती. "माझ्या जर्नलात सहा एकोणीस वेळा आहे. मी एकदाही टाकला नव्हता, मॅडम. गणिताचं करत होते. थोरल्यानं मला विचारलं, तुझा सहा किती वेळा आला. मी उत्तर दिलं नाही." तिने डबी मॅडमसमोर सरकवली. "आणि आज सुट्टीत हे कळल्यावर मी त्याची डबी काढून माझ्या डबीशेजारी ठेवली. नुसती अदलाबदल करायची होती. सगळ्यांचा विश्वास बसला असता. गाणं तर तयारच होतं."

मॅडमनी डबी उचलली.

"केलीस?" मॅडमनी विचारलं.

"नाही. पण हात उचलला होता."

मॅडमनी पर्समधलं पत्र काढलं, त्याचे चार तुकडे केले. मग खिडकीकडे वळल्या. "तुला दिसत होतं ना रे? कुणीच टाकत नाहीये, हे? मग बोलला का नाहीस?"

थोरला अवघडून उभा राहिला.

"गेल्या वर्षी मीही ठोकून दिले होते, मॅडम. पकडला गेलो तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. ते बघणं अजून जात नाही." त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "यांना ते कशाला?"

ते ऐकून रेडिओ उठला. कुणाकडे न बघता फळ्याशी गेला. ओळी कालच पुसल्या होत्या, पण खडूचा माग राहिला होता; तो त्याने ओल्या हाताने घासघासून काढला.

"एकोणतीस जर्नलं रद्द," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याबरोबर माझंही चुकलंय, तेव्हा मी इथेच बसणार. घ्या डब्या. एकशे वीस वेळा. मोजून."

पहिला फासा पडला, दुसरा पडला, आणि मग खोलीभर गारा कोसळल्या. थोड्या वेळाने दारात काकू आल्या, कमरेवर हात ठेवून. तोंड उघडलं, चेहरे बघितले, आणि तशाच जिना उतरून गेल्या.

वकील पहिल्या बाकावरून उठून खिडकीच्या कोपऱ्यात गेली होती. तिथे जागा होती.

"चुकलं माझं, दादा," ती म्हणाली. या नावाने तिने त्याला पहिल्यांदाच हाक मारली होती.

तो बाकावर जरा सरकला. तिचा फासा पडत राहिला. सहा, सहा, तीन, सहा. सहाच्या रकान्यात रेघांची गर्दी होत चालली. चाळिसाव्या वेळेला तिने हात झटकला.

"मनगट सैल सोड," शेजारून आवाज आला. "आवळून टाकलंस तर फार दुखतं."

तिने मनगट सैल सोडलं. रेघ मारली. पुढचा फासा टाकला.