तारेवरच्या नव्या खुणा

ही घडलेली गोष्ट आहे. नाथाजीने ती मरणाच्या चार दिवस आधी, पूर्ण शुद्धीत सांगितली.

साल १९४८. एप्रिल महिना. तासगावजवळच्या माळावरची पत्र्याची शेड.

वेळ भर दुपारची.

त्या शेडमध्ये नाथाजीच्या दाजींनी, हंबीररावांनी, एकट्यापुरतं विमान बांधलं होतं. लढाईत ते विमानदळात फिटर होते. पेट्रोल किती उरलं हे कळायला काचेची नळी लावावी, असं नाथाजीचं मत. काच तडकते, म्हणून हंबीररावांनी बूच आणि तार निवडली. टाकीत बूच तरंगणार, त्यात खोवलेली तार झाकणातून वर येणार. तारेवर गॅलनांच्या खुणा.

खुणा घालायचं काम नाथाजीचं.

"शेपूट पिपावर ठेव रं," हंबीरराव म्हणाले. "उडताना इमान सरळ आसतं. शेपूट भुईवर आसली की तेल मागं पळतंय."

"ठेवतो की दाजी. मी काय येडा हाय?"

पीप माळाच्या पलीकडे होतं. ऊन मी म्हणत होतं. नाथाजीने शेपूट भुईवरच राहू दिली आणि अर्धा-अर्धा गॅलन ओतत गेला. बूच टाकीच्या पुढच्या टोकाला. दोन गॅलन पडेपर्यंत ते हललंच नाही. पहिली खूण त्याने तिथेच घातली.

दोन.

म्हणजे हवेत टाकी कोरडी पडली, तरी तार दोन गॅलन दाखवणार होती.

टाकी हवेतच कोरडी पडली. हंबीरराव विमानासकट कृष्णेच्या वाळूत पडले आणि जागीच गेले.

पंचनाम्यात नाथाजीने सांगितलं, "दाजी तेल न बघताच उडालं."

पाणवठ्यावर बाया चंद्राबाईला, त्याच्या बहिणीला, ऐकवू लागल्या, "तुजा न्हवरा तेलाबिगर उडाला म्हनं!"

महिन्याभराने नाथाजी शेडमध्ये आला. वाळूतून आणलेली टाकी मोडीत काढायची होती.

टाकीखाली फळी सरकल्याचा आवाज आला...

टाकीची मागची बाजू उचलली गेली. सावकाश. अगदी सरळ होईपर्यंत.

शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

गुळुक... गुळुक...

पेट्रोलचा वासही नव्हता. तरी पहिल्या अर्ध्या गॅलनालाच तार वर सरकली.

मग कानस... खर्र... खर्र...

पुन्हा गुळुक. पुन्हा कानस. असं दहा वेळा.

नाथाजीने पाहिलं. जुन्या खुणांशेजारी नव्या खुणा चकाकत होत्या. त्याच्या 'दोन'च्या शेजारी शून्य होतं.

"दादा..."

दारात चंद्राबाई उभी होती. आत येऊन तिने तार उपसली, उजेडात धरली.

"ह्या नव्या खुणा कुनी केल्या?"

खरं बोलायची ती एकच वेळ होती.

"मीच," नाथाजी म्हणाला. "त्ये उडायच्या आदीच नीट करून ठिवल्या."

तिने नव्या शून्यावरून अंगठा फिरवला.

"म्हंजी त्येंनीच बघितलं न्हाई. गाव खरं बोलत हुतं तर."

तार पदराखाली घेऊन ती माळ उतरून गेली. पुन्हा कधी तिने नवऱ्याचं नाव काढलं नाही.

नाथाजी तिच्या मागोमाग दारापर्यंत आला. पाठीमागे कानस पुन्हा सुरू झाली.

खर्र... खर्र...

तार तर चंद्राबाईबरोबर गेली होती.

कानस कशावर चालली होती, हे बघायला तो मागे वळला नाही.