बर्फावरची निळी रेघ

एल्स्पेथ टर्नबुल वाकून मातीत बागकामाचा दातेरी काटा खुपसत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "बटाटे काढतेयस का?"

तिने वळूनही पाहिलं नाही. जानेवारीतल्या शनिवारी सकाळी आठला, एटलबर्नच्या रग्बी मैदानावर चार बोटं बर्फात उभं राहून असला विनोद करणारा माणूस गावचा नसणार, हे उघड होतं.

"मैदान तपासतेय," ती म्हणाली. "काटा आत गेला तर सामना. नाही गेला तर सगळे घरी जाऊन चहा पितात."

"आणि हे तू ठरवतेस?"

"बाबा ठरवतात. पण ते घसरून पडलेत, कंबर धरून बसलेत. म्हणून या महिन्यात मी."

आता मात्र तिने पाहिलं. उंच, थंडीने कान लाल, तळहातांना घट्टे... चार महिन्यांपूर्वी समुद्रकाठच्या आयमथहून कुरणांच्या दगडी भिंती बांधायला आलेला निनियन तो हाच. गावातल्या पोरी दुकानात त्याच्याबद्दल कुजबुजायच्या, तेव्हा एल्स्पेथ पावाच्या पाकिटावरची तारीख फार लक्षपूर्वक वाचायची.

"संघात कधीपासून आहेस?" तिने विचारलं.

"काल संध्याकाळपासून. तुमच्या डाव्या कडेच्या गड्याला ताप आलाय. पहिला सामना माझा... आणि शेवटचा. भिंती संपल्या. सोमवारी साडेनऊच्या बसने काकाच्या बोटीवर परत."

"अस्सं," एल्स्पेथ म्हणाली, आणि काटा गरजेपेक्षा जरा जोरातच खुपसला गेला.

बर्फावर पांढऱ्या चुन्याच्या रेघा दिसणार कशा? म्हणून अशा दिवशी एटलबर्नमध्ये मेंढ्यांना खूण करायचा रंग वापरतात. प्रत्येक शेताचा रंग वेगळा, टर्नबुलांचा निळा. निनियनने न विचारताच डबा उचलला आणि तिच्यामागून दोरी धरत चालू लागला.

"हात निळे होतील तुझे," ती म्हणाली.

"धुवेन की."

"धुऊन जात असता तर मेंढ्यांना लावला असता का आम्ही? लोकर कातरेपर्यंत टिकतो तो."

"म्हणजे मला आता कातरून घ्यावं लागणार," तो गंभीरपणे म्हणाला. ती हसली, आणि हसता हसता रेघ वाकडी गेली. बाबांच्या हातून तीस वर्षांत एक रेघ वाकडी गेली नव्हती.

उत्तरेच्या कडेला पोचल्यावर तिचं हसू थांबलं. तिथे देवदारांची रांग होती. फांद्यांनी बर्फ वरच्या वर झेलला होता आणि खालची जमीन उघडी पडली होती. बर्फाची गोधडी नसलेली माती रात्रभरात दगड होते. काटा टणकन उडाला. तिने पुन्हा मारला. पुन्हा तेच.

नऊ वर्षांपूर्वी अशाच एका पट्ट्याकडे बाबांनी गावाच्या आग्रहाखातर काणाडोळा केला होता. त्यावर आपटलेला तिचा भाऊ आजही जिना उतरताना कठडा धरतो. सामना रद्द म्हणायला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द काही तिच्या तोंडून निघेना. हा मुलगा आज खेळला नाही, तर सोमवारी तसाच निघून जाईल... आपलं मन काय म्हणतंय हे तिला पक्कं कळत होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा भरवसा वाटेना.

शेवटी तिने दोरी उचलली आणि त्या बाजूची रेघ सात पावलं आत घेतली, जिथवर काटा आत जात होता तिथवर.

कप्तान हॉग कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, मैदान ठेवलंस की कोंबड्यांचं खुराडं केलंस?"

"दोन्ही संघांना सारखंच आहे ना, कप्तान? नाहीतर सामना नाही."

पाहुण्यांनी मान डोलावली, पंचांनीही. निनियनचा चेहरा मात्र उतरला. उत्तरार्धात त्याच कडेने तो पळणार होता.

"सात पावलं, एल्स्पेथ? मी पळू कुठून?"

"असेल तेवढ्यातून."

"चार नाही चालणार?"

"नाही."

 तो हात पुसत निघून गेला. ती उरलेल्या रेघा मारत राहिली, एकही वाकडी गेली नाही.

सामना संपायला दोन मिनिटं होती, एटलबर्न तीन गुणांनी मागे, आणि चेंडू निनियनकडे आला. तो देवदारांच्या कडेने सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला अंगावरून झटकलं आणि गुणरेषेपलीकडे चेंडू टेकवला. गाव नाचू लागलं. पंच मात्र घोटाळले. पाय बाहेर गेला होता की नव्हता? मध्ये कुणीतरी आड आल्याने त्यांना दिसलंच नव्हतं.

निनियन उठला. दम खात त्याने बूट वर केला आणि पंचांना दाखवला. टाचेला ओला निळा रंग होता. कडेच्या रेघेला पाय लागला की गडी मैदानाबाहेर धरतात.

गुण गेला. सामनाही गेला. निळी रेघ कुणी मारली, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

सगळे पांगल्यावर एल्स्पेथ झेंडे गोळा करत उत्तरेच्या कडेला आली, तर निनियन तिथेच उभा होता. त्याच्या हातात काटा होता, एक दात वाकलेला.

"तीनदा मारला," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तू उगाच... मी या जमिनीवर पूर्ण वेगाने पडलो असतो, एल्स्पेथ."

"मला थँक्यू म्हणू नकोस." ती म्हणाली. "बाबांनी सरळ सामना रद्द केला असता. मी नाही केला. तुला खेळताना बघायचं होतं मला. तू आवडतोस मला... सोमवारी जाशील तेव्हा जा, पण हे ऐकून जा."

त्याने बोटांवरचा निळा रंग अंगठ्याने घासून पाहिला.

"काकाला मी शब्द दिलाय. एप्रिलपर्यंत बोटीवर आहे," तो हळूच म्हणाला. "तुमच्याकडे मेंढी चुकून दुसऱ्याच्या डोंगरावर गेली तर काय करता?"

"करायचं काय? रंग बघतात आणि ज्याची त्याच्या दारात आणून सोडतात."

"नक्की?"

 डब्याच्या तळाशी थोडा रंग उरला होता. तिने त्याला खांद्याला धरून वळवलं आणि मेंढीला ओढतात तशी एक रुंद निळी रेघ त्याच्या जाकिटाच्या पाठीवर ओढली.

"आता जा कुठे जायचं ते," ती म्हणाली.

तो गावातून चालत गेला, तेव्हा खिडक्या-खिडक्यांतून लोकांनी ती रेघ पाहिली आणि रंग कुणाचा ते ओळखलं. मेमध्ये लोकर कातरायला सुरुवात झाली, त्याआधीच आयमथची बस त्याला परत आणून सोडून गेली. जाकीट तेच होतं, आणि त्याने ते एकदाही धुतलं नव्हतं.