अवधान-आरसा

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही एका आरशासमोर बसला आहात. ज्या अवयवाकडे तुमचं लक्ष जाईल, तो आरशात मोठा होतो. ज्याकडे कधीच जात नाही, तो पुसट होत होत नाहीसा होतो.

अकरा वर्षांची शलाका अशाच अवधान-आरशासमोर बसली होती. डोक्यावर मनोवाचक टोपी होती. आरशात तिचं नाक पपईएवढं दिसत होतं आणि भोवती चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

"बघा. म्हणून नाकाचं ऑपरेशन हवंय," ती म्हणाली.

"हे तुझं नाक नाही गं," डॉ. फुलंब्रीकर म्हणाल्या. "तुझ्या मेंदूनं काढलेलं तुझं चित्र आहे. लक्ष जातं तिथेच मेंदू रंग ओततो. आता कोपराकडे बघ. तीळ मोज."

मोजता मोजता कोपर फुगलं, नाक आक्रसलं. शलाकाला हसू आलं. "मग कोपराचंही ऑपरेशन करायचं का?" पण हसता हसता लक्ष परत नाकावर गेलं, आणि पपई परत आली.

"ही नाकाकडेच बघायची सवय कुणी लावली?" डॉक्टरांनी विचारलं.



"लहानपणी रोज तेल लावून हिचं नाक मीच ओढायचे," शेजारी बसलेली शलाकाची आई, स्नेहल, म्हणाली. "सासूबाई म्हणायच्या, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तरी बसकंच राहिलं. ऑपरेशनला सोमवारची तारीख मिळालीय, मॅडम. पोर सुखी व्हावी, एवढंच."

"मग आता टोपी तुम्ही घाला आणि लेकीकडे बघा. तुमच्या मनातली शलाका आरशात उमटेल."

स्नेहलनं टोपी घातली. शलाका समोर उभी राहिली. आरशात नाक उमटलं. पुढे काहीच उमटेना. डोळे नाहीत, हात नाहीत. ती उभी होती तिथे मागची भिंत दिसत होती.

"बघतेय ना मी, नीट बघतेय," स्नेहल पुटपुटली. नाक आणखी वाढलं.

"आई, यात मी कुठंय?"

 

शलाकानं चपला काढल्या. "आता माझ्या पायांकडे बघ," म्हणत आईच्या अगदी समोर येऊन तिनं एक पाय उचलला आणि लंगडी घालायला सुरुवात केली. फरशीवर धप धप आवाज होत होता. आरशात पाय नव्हते.

ती थांबली नाही.