लिंबाची पांढरी फांदी

मी मोजणी कार्यालयात नकाशे काढतो. हद्दीची रेघ केसभर हलली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. म्हणूनच सांगतो, लिंबाच्या पानावर जे दिसलं तो माझा भास नव्हता.

गॅलरीतल्या कुंडीतलं ते झाड ताईने बी टाकून वाढवलं होतं. तिच्या डाव्या हातावर कोड होतं. नऊ वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर आई तिला हळूच म्हणाली, "हात झाकून बस." ताई उठली, चपला घातल्या आणि गेली. पुन्हा ना पत्र, ना फोन.

यंदा झाडाला एक फांदी फुटली, हिरव्या-पांढऱ्या पानांची.

"होतं असं कधीकधी," नर्सरीवाला म्हणाला. "कापून टाका, नाहीतर झाडाचा सगळा जोर खाईल."

मी कात्री लावली आणि थांबलो. पहिल्या पानावरच्या पांढऱ्या डागाची कड ओळखीची होती.

डॉक्टरांनी काढलेला ताईच्या हाताचा शेवटचा फोटो कपाटात होता. त्यावरच्या डागाची कड मी ट्रेसिंग पेपरवर उतरवली, पानाच्या मापाला लहान केली आणि पानावर ठेवली. रेघेला रेघ जुळली.

आईने कागद उचलून पुन्हा पानावर ठेवून पाहिला. मग म्हणाली, "कात्री आत ठेव."

पुढच्या पानावर डाग थोडा मोठा होता. त्यापुढच्या पानावर आणखी मोठा.

"पसरतोय गं," मी म्हणालो.

"पसरू दे. म्हणजे आहे ती कुठेतरी."

मग रोज सकाळी आईची खुर्ची गॅलरीत. कोवळ्या पानाखाली तळवा धरून ती विचारायची, "जेवलीस का?" एरवी मी हसलो असतो. पण मीही ऑफिसातून लवकर घरी यायला लागलो होतो.

एका मंगळवारी त्या फांदीला नवं पान आलं. संपूर्ण हिरवं.

मी ते खुडलं आणि खिशात घातलं.

"आलं का रे नवीन?" आईने आतून विचारलं.

"नाही अजून."

पुढच्या आठवड्यातही हिरवंच. तेही खुडलं.

"उशीर होतोय या खेपेला," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

तिसरं खुडताना ते हातातून निसटलं. उचलायला वाकलो.

कुंडीच्या मागे आणखी चार पानं पडलेली होती, देठाशी खुडलेली. दोन वाळलेली, दोन ताजी. एकावरही डाग नव्हता.

माझी पानं मी ऑफिसात नेऊन टाकत होतो.