छापील चूक

"सातव्यांदा!" कुमुद खैरनारने माऊस टेबलावर आपटला. "सातव्यांदा परत आलं हे खोकं. का, तर म्हणे पांढरा रंग फार पांढरा आहे!"

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छापखान्यात तिच्या आपटण्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. गेली आठ वर्षं ती रोज काही ना काही आपटतच होती.

कुमुद तिथल्या प्रीप्रेस विभागाची प्रमुख. खोक्याचं चित्र कंपनीकडून आल्यापासून त्याच्या छपाईच्या प्लेट, दर रंगाची एक, मशीनवर चढेपर्यंत जे जे करायचं, ते सगळं तिच्या हाताखालून जायचं. पूर्वी या कामात रंग, अक्षरं आणि घड्या एवढंच सांभाळावं लागे. अंतर्ठशाचा कायदा आला आणि त्यात एक नवा जाच वाढला.

अंतर्ठसा म्हणजे डोळ्यांना न दिसणारा ठसा. छापील चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. त्यातले हजारो ठिपके केसभर लहानमोठे केले तर माणसाला काहीच कळत नाही, पण यंत्राच्या भिंगाला त्या फरकातून एक लांबलचक आकडा वाचता येतो. हा आकडा खोक्याच्या एखाद्या कोपऱ्यात नसतो, सगळ्या पृष्ठभागावर पुन्हा पुन्हा विणलेला असतो. खोकं चुरगळा, फाडा, चिखलात टाका. नखाएवढा तुकडा उरला तरी यंत्र सांगतं, हे काय होतं, कोणी बनवलं, कसं वापरायचं आणि कोणत्या कचऱ्यात टाकायचं. अट एकच. ठसा लपायला थोडा तरी रंग लागतो. कोऱ्या पांढऱ्यावर तो बसत नाही. आणि औषध कंपन्यांना तर सगळं पांढरंशुभ्र हवं असतं.

लोकांची मात्र सोय झाली होती. चष्म्याच्या दांडीत, फ्रिजच्या दारात, औषधाच्या दुकानात, सगळीकडे बटणाएवढं एक भिंग असे. लोक त्याला 'बोलका' म्हणत. वस्तू त्याच्यासमोर धरली की तो ठसा वाचून सांगायचा: शिळं झालंय, साखर जास्त आहे, जेवणानंतर घ्या. खोक्यावरची अक्षरं अजून छापली जात, पण लग्नपत्रिकेवर वेलबुट्टी छापतात तशी. ती वाचत बसायला वेळ कोणाला होता?

कुमुदला होता. किंवा नव्हता, पण खोड जात नव्हती. तीस वर्षं प्रूफं वाचलेले डोळे अक्षर दिसलं की आपोआप त्यावरून फिरायचे.

पांढऱ्या खोक्यावर हलकीशी पिवळी झाक चढवून तिने ते आठव्यांदा पाठवलं आणि पुढचं काम उघडलं. 'ज्वरिका', मुलांच्या तापाचं औषध. पंधरा दिवसांपूर्वी, ती भावाच्या नातवाच्या बारशाला मालेगावला गेली असताना, याची पहिली खेप छापून गेली होती. आता दुसरी मागणी आली होती. चित्र ओळखीचं होतं: पिवळा सूर्य आणि हसरं बाळ. याच कंपनीचं सिरप वर्षानुवर्षं याच चित्रात यायचं.

पण यावरची अक्षरं वेगळी होती. 'ज्वरिका थेंब. तान्ह्या बाळांसाठी. सिरपच्या पाचपट तीव्र. एका वेळी एक मिली.'

तिने मागच्या खेपेचं खोकं बोलक्यापुढे धरलं.

"ज्वरिका सिरप," बोलका गोड आवाजात म्हणाला. "एका वेळी पाच मिली."

कुमुदने खोकं उलटं केलं, आडवं केलं, भिंग पदराने पुसलं. "एका वेळी पाच मिली."

ठसे वाटून देण्याचं काम 'ठसागार' नावाची सरकारी यंत्रणा करायची. तिथे माणूस नव्हता. चित्र आलं की यंत्रणा ते जुन्या चित्रांशी ताडून बघायची. थेंबांचं चित्र सिरपशी इतकं जुळलं की तिने ते जुनंच समजून जुनाच ठसा दिला होता.

तिने ठसागाराला फोन लावला.

"आपली तक्रार असलेली वस्तू कृपया भिंगासमोर धरा," आवाज म्हणाला.

तिने धरली.

"ज्वरिका सिरप. ठसा जुळतो. आपली आणखी काही तक्रार?"

"अहो, ठसाच चुकलाय! अक्षरं वाचा की!"

"कृपया वस्तू भिंगासमोर धरा."

हे चार वेळा झालं. पाचव्या वेळी आवाजाने तिला डोळे तपासून घेण्याचा आपुलकीचा सल्ला दिला. औषध कंपनीच्या गुणवत्ता अधिकाऱ्याने सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे हिरवा दिवा आहे." छापखान्याचे मालक अडसूळ यांनी तर खोकं हातातही घेतलं नाही.

"ताई, ठसा जुळतोय ना?"

"जुळतोय, साहेब. तोच तर घोळ आहे!"

"जुळतोय तर घोळ कसला?" अडसूळ खरोखरच गोंधळले होते. "न जुळण्याला घोळ म्हणतात."

कुमुदने कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी! मशीनवर माल चढत होता. तिने मशीनवाल्याला चहाला पाठवलं आणि पिवळ्या रंगाची प्लेट स्वतःच्या हाताने अर्धा मिलिमीटर सरकवली. पहिल्या दोन हजार कागदांचा ठसा विस्कटला, बोलके मुके झाले आणि काम बंद पडलं. अडसूळांनी छापखाना डोक्यावर घेतला. पण तिला दोन दिवस मिळाले.

त्या दोन दिवसांत तिने डॉ. शलाका मिरीकरांना गाठलं. अंतर्ठशाचं मूळ गणित त्यांचं. कायदा नवा असताना त्या या छापखान्यात प्रशिक्षणाला आल्या होत्या आणि कुमुदने त्यांना इतके प्रश्न विचारले होते की नाव त्यांच्या लक्षात राहिलं होतं. आता त्या निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः आल्या. खोकं हातात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अक्षरं वाचली. गेल्या कित्येक वर्षांत असं करणारं दुसरं माणूस कुमुदने पाहिलं नव्हतं. तिला एकदम रडूच आलं.

"कुमुदताई, तुमचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मग बदला ना ठसा! तुमचाच आहे."

"तोच तर बदलता येत नाही." त्या खुर्चीत टेकल्या. "बघा, आपला डोळा पिवळ्या रंगातला बारीक फरक सगळ्यांत कमी टिपतो, म्हणून ठसा आम्ही मुख्यतः पिवळ्यात लपवला. तुम्ही नेमकी तीच प्लेट सरकवलीत."

"ते मला ठाऊक आहे. पुढचं सांगा."

"लपवणं सोपं होतं. लोकांचा विश्वास बसवणं अवघड. दिलेला ठसा मागाहून बदलता आला असता, तर कोणीही भेसळवाला शिळ्या मालाचा ताजा करून मोकळा झाला असता. म्हणून मी एक नियम घातला. एकदा दिलेला ठसा कधीही, कोणालाही बदलता येणार नाही. आणि ठसा व छापील मजकूर यांत फरक आढळला, तर चूक मजकुराची धरायची."

"का पण?"

"कारण अक्षरं माणसं जुळवतात. माणूस हजारात एकदा तरी चुकतो. ठसा अब्जात एकदा चुकतो."

"मग हाच तो अब्जातला!"

"हो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आणि तो ओळखणारं एकही भिंग आम्ही कुठे ठेवलं नाही. गरजच पडणार नाही असं वाटलं."

"प्रयोगशाळेत तरी द्या हे औषध. तिथे कळेल ना किती तीव्र आहे ते?"

"कालच तुमच्याकडून फोन आल्यावर एक बाटली विकत घेऊन दिली. तिथलं यंत्र आधी ठसा वाचतं. मग मोजतं. मोजमाप ठशाशी जुळलं नाही, तर नमुना दूषित आहे असं समजून टाकून देतं." त्या कसनुसं हसल्या. "नमुना दूषित, असाच शेरा आलाय."

कुमुद म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे शिकाऊ पोरं चुकली की निदान ओशाळतात तरी."

डॉक्टरांनी तिथेच बसून, स्वतःच्या नावाने, ठसागाराकडे लेखी तक्रार केली. संस्थापकाची तक्रार म्हणून ती वर जाईल अशी त्यांना आशा होती.

त्या संध्याकाळी घरी परतताना जिन्यात रुखसारच्या दारातून बाळाचं किरकिरणं ऐकू आलं. रुखसार समोरच्या घरातली, महापालिकेच्या शाळेत शिकवायची. तिच्या आठ महिन्यांच्या इनायाला लस टोचून आणली होती. टेबलावर पिवळा सूर्य आणि हसरं बाळ.

"दिलंस का हे?" कुमुदने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

"आता देतेय, काकू. पाच मिली. पण हा ड्रॉपर बघा ना केवढासा दिलाय! एकच मिली मावतं. पाच वेळा भरायचा म्हणजे ही सगळं थुंकून टाकते."

कुमुदने खोकं उचलून तिच्यापुढे धरलं. "रुखसार, खोक्यावर काय लिहिलंय ते वाच. मोठ्याने."

रुखसारने शिक्षिकेच्या स्वच्छ आवाजात वाचलं. "ज्वरिका थेंब. तान्ह्या बाळांसाठी. सिरपच्या पाचपट तीव्र. एका वेळी एक मिली." मग तिने खोकं चष्म्याच्या दांडीजवळ नेलं. "एका वेळी पाच मिली," बोलका म्हणाला. तिने खोकं खाली ठेवलं आणि ड्रॉपर पुन्हा बाटलीत बुडवला.

"अगं, आत्ता काय वाचलंस?"

"वाचलं की. छापील चूक असेल, काकू. छापणारे करतात कधी कधी." आणि मग ती ओशाळली. "तुम्हाला नाही म्हणत हं मी."

तिला वाचता येत होतं. रोज चाळीस मुलांना ती वाचायला शिकवत होती. कुमुदला राग नेमका कोणावर काढावा कळेना. तिने ड्रॉपर स्वतःच्या हातात घेतला, त्याच्या लहानशा आकाराकडे बोट दाखवलं, बाटलीवरचं लेबल दाखवलं, तीस वर्षांची शपथ घातली. शेवटी रुखसार म्हणाली, "बरं, तुम्ही म्हणता म्हणून एकच मिली देते." इनायाचा ताप रात्रीतून उतरला. कुमुद पहाटे दाराशी जाऊन विचारून आली.

ठसागाराचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. डॉ. मिरीकरांनी ते छापखान्यात येऊन वाचून दाखवलं. यंत्रणेने तक्रारीची गंभीर दखल घेतली होती. वस्तूच्या ठशात आणि मजकुरात फरक असल्याचं तिला मान्य होतं. नियमाप्रमाणे चूक दुरुस्त करण्यात आली होती.

"केली?" कुमुद उठून उभी राहिली. "खरंच केली?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्याच क्षणी कुमुदच्या पडद्यावर सुधारित काम आलं. पिवळा सूर्य, हसरं बाळ. 'ज्वरिका सिरप. एका वेळी पाच मिली.' सोबत सूचना होती: खोकं, बाटलीचं लेबल आणि सोबतचं माप हे सगळं ठशाप्रमाणे बदलण्यात आलं आहे. तक्रार निकाली. सहकार्याबद्दल आभार.

"आणि औषध?" तिने विचारलं.

"औषधाबद्दल तक्रार नव्हती. ते आहे तसंच, पाचपट तीव्र," डॉक्टर म्हणाल्या. "मी पुन्हा लिहीन. दिल्लीला जाईन."

कुमुदने प्रूफ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. तिने सही करायला नकार दिला. अडसूळ चिडले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, तुमची सही आपण जुनी पद्धत म्हणून घेत होतो. तशी गरज नाही तिची." आणि त्यांनी मशीन सुरू करायला सांगितलं. कुमुदने त्याच दुपारी नोकरी सोडली. मग सातपूर, सिडको, पंचवटी असं ती औषधांच्या दुकानांतून हिंडत राहिली. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "दाखवा बरं, कुठे लिहिलंय?" पहिल्या खेपेची खोकी दुकानांतून आणि छापखान्यातूनही परत गेली होती. दाखवायला काही उरलं नव्हतं.

महिन्याने इनायाला पुन्हा ताप आला. कुमुद गेली तेव्हा टेबलावर नवं खोकं होतं.

"बघा काकू, तुम्ही मागे म्हणालात ना, काहीतरी गडबड आहे म्हणून? केली त्यांनी दुरुस्ती," रुखसार कौतुकाने म्हणाली. "अक्षरंपण बरोबर छापलीत आता. आणि तो मेला ड्रॉपर काढून टाकला. पाच मिलीचा कप दिलाय."

कप भरलेला होता. कुमुदने पुढे होऊन तो धरला.

"काकू?"

"नको देऊस. एक मिली दे. मागच्यासारखं."

"पण का? वाचा ना तुम्हीच." रुखसारने खोकं तिच्या डोळ्यांसमोर आणलं. तिच्या आवाजात आता काळजी होती, आणि ती बाळाबद्दल नव्हती.

कुमुदने वाचलं. तिला एकही चूक सापडली नाही. आतल्या खोलीत इनाया कण्हत होती. रुखसारने हळूच, आजारी माणसाच्या हातातून घ्यावा तसा, कप सोडवायचा प्रयत्न केला. कुमुदने बोटं आणखी घट्ट आवळली.

"काकू, सोडा," रुखसार म्हणाली. "सोडा ना. सांडेल ते."