ज्याला वाट दिली नाही

"मागून पाऊल वाजलं, की डोंगराच्या अंगाला सरून उभं राहायचं. जाणाऱ्याला जाऊ द्यायचं. आणि यजमानांना सांगा, ती गाणी तेवढी बंद ठेवा. पाऊल ऐकू यायला हवं."

सातव्या मुक्कामावरच्या राखणदारीणबाईंचा हा आवाज माझ्या मावसबहिणीच्या कानातून अजून जात नाही.

खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे. म्हणून ताईने सांगितलं तेवढंच लिहिते. पदरचं काहीही नाही.

ताई मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. वीस वर्षं घंटा आणि आरडाओरडा ऐकून झाल्यावर तिला थोडं शांत चालायचं होतं. अकरा दिवसांची डोंगरातली पायवाट तिने निवडली.

भावोजी सोबत निघाले. ते फर्निचरच्या दुकानात विक्रेते. जन्मभर लोकांना सोफ्यावर बसवलं. आता आपण चालणार, हे गावभर सांगून झालं.

आणि पाठपिशवीला स्पीकर लटकवला. पाण्याच्या बाटलीएवढा. आवाज मात्र भोंग्याचा.

देवाने माणसाला दोन कान आणि एक तोंड दिलं. भावोजींनी दुसरं तोंड विकत आणलं होतं.

पाखरं उडून जायची. समोरून येणारे कपाळाला आठ्या घालायचे. लोक वळून बघतात म्हणजे गाणी आवडली, असं भावोजींना वाटायचं. अशा माणसाला लाज विकत घेऊन द्यावी, तर तीही त्याच्या मापाची मिळत नाही.

राखणदारीणबाईंचं बोलणं ऐकून ते हसले. इथे वाहतूक पोलीसही नेमलेत वाटतं, म्हणाले. आणि बाईंच्या तोंडावर आवाज वाढवला.

ताई मान खाली घालून निघाली. गाण्यांपासून सुटका म्हणून चांगली पुढे पुढे चालू लागली.

दुपारचे तीन वाजले असतील. धुकं उतरलं.

एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी. मधे एक माणूस जाईल एवढीच वाट. वळणावर ती स्वतःवरच दुमडायची, त्यामुळे मागून येणारा अगदी पायाखाली दिसायचा.

पहिल्या वळणावर ताईने खाली पाहिलं.

भावोजी ठेक्यावर मान हलवत येत होते.

आणि त्यांच्या मागे... दोन पावलांवर... एक माणूस.

कमरेत वाकलेला. पाठीला लाकडी खुर्ची बांधलेली. खुर्चीत चादरीत गुंडाळलेलं कुणीतरी.

एक हात बाहेर लोंबत होता. नखं निळी पडलेली.

असे हात ताईने ड्यूटीवर खूप पाहिले होते. वेळेत पोचवलं तर असा माणूस वाचतो.

तो वाट मागत होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं. शब्द गाण्यात बुडत होता.

ताईने हात हलवून भावोजींना खूण केली. बाजूला व्हा.

आता सोळा वर्षांच्या संसारात ताईचा हात असा हलायचा तो एकाच गोष्टीसाठी, आवाज कमी करा म्हणून. भावोजींनी नेहमीप्रमाणे आवाज वाढवला.

दुसरं वळण...

तो तिथेच होता. दोन पावलांवर. लोंबणारी बोटं आता हलत नव्हती.

"खाली टेकवा त्यांना," ताई ओरडली. "मी नर्स आहे. मी बघते."

आणि धावत मागे फिरली.

वाटेवर भावोजी एकटे होते. साप दिसला का, म्हणाले.

मागे कुणी नव्हतं. नुसतं धुकं.

ओल्या मातीत भावोजींच्या बुटांचे ठसे होते. आणि त्या प्रत्येक ठशावर... एक अनवाणी ठसा.

ताईने ते दाखवले. भावोजींनी फोटो काढला आणि मित्रांना पाठवून दिला. खाली लिहिलं, बायको भुताला घाबरली.

घरी आल्यावर ताईला वाटलं, सुटलो.

भावोजी सकाळी स्पीकर घेऊन आंघोळीला गेले. एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायचं होतं.

त्या फटीत... बाथरूमच्या बंद दाराबाहेर... श्वास.

दोन श्वास. एक जड, धापा टाकणारा. दुसरा बारीक.

ताईने घड्याळ समोर धरलं. तिला दुसरं काय येतं? दाराला लागून उभं राहून तिने तो बारीक श्वास मोजला.

मिनिटाला चाळीस.

आठवड्याने दहा.

परवा सहा.

तिने मुक्कामावर फोन लावला. राखणदारीणबाईंना नवल वाटलं नाही. वाट जिथे अडली तिथेच मोकळी करावी लागते, म्हणाल्या. अडवणाऱ्याला घेऊन या.

ताईने भावोजींचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. एकदाच चला. गाणी बंद करा. बाजूला उभे राहा. एवढंच.

"वाट काय त्या म्हातारीच्या बापाची आहे?" भावोजी म्हणाले. आणि संध्याकाळी याहून मोठा स्पीकर घेऊन आले.

देव सगळ्यांचं भलं करतो, त्यांचंही करील. मी मात्र त्यांच्यासाठी अजून काही मागितलेलं नाही.

ताईने पुन्हा फोन केला. ते येत नाहीत, मी येऊ का? मग बाई म्हणाल्या, "त्या मागच्या दोघांना विचारून बघा. तुमच्या मागे येतात का."

आज सकाळी बाथरूममध्ये गाणं जोरात होतं. ताईने बीपीचं मशीन पिशवीत घातलं. त्या बंद दारासमोरच्या रिकाम्या जागेकडे वळून हळूच म्हणाली, "मी बघते म्हटलं होतं. चला."

बाहेरचं दार उघडलं. जिना उतरू लागली.

तिसऱ्या पायरीवर... मागे एक जड पाऊल वाजलं.

तिने वळून पाहिलं नाही.

हे सगळं तिने मला बसस्टँडवरून फोनवर सांगितलं. भावोजी अजून आंघोळीतच असतील, म्हणाली. ती बोलता बोलता थांबायची, तेव्हा फोनमधून मला काय ऐकू येत होतं, ते मी लिहिणार नाही. मी मोजलं नाही. माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात बस लागली. ती फोन बंद करायला विसरली होती.

"सावकाश," ती कुणाला तरी म्हणाली. "पायरी उंच आहे."