उसवता येईल तो नमुना

खडेबाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात करिष्मा मोठ्यानं शिव्या घालत होती. दुकानदार ऐकून घेत होता. दुसरा इलाज नव्हता.

"मागाच्या यंत्रासंगं शिकायला दिलेला नमुन्याचा प्रोग्राम म्हणं. त्यात कमळ उमटतंय, मोर उमटतोय. माझी नक्षी घातली की ठप्प. ज्या नालायकानं लिवलाय न्हवं, त्येला मागावर उलटा टांगाय पायजे."

शेजारी माऊस निवडणारा पोरगा खाकरला. कानांपर्यंत लाल झाला होता.

"त्यो नालायक... मीच की."

हा मंथन. निपाणीचा, तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर. करिष्मानं त्याच्या हातातला माऊस काढून घेतला.

"बरं झालं गावलासा. चला वडगावला."

वडगावात तिच्या आप्पांचे चार माग. त्यांतल्या एकावर तिच्याच हट्टानं कॉम्प्युटरवरून नक्षी घेणारं यंत्र बसवलं होतं. आजीच्या साडीचा काठ तिनं स्वतः शिकून कॉम्प्युटरवर उतरवला. माग हलायला तयार नाही. रविवारपर्यंत चाललं नाही तर आप्पा यंत्र परत पाठवणार होते. तिचं शिकणंही त्याच टेम्पोतून जाणार होतं.

"सोर्स कोड द्या. प्रोग्रामच्या आत काय लिवलंय ते बघू दे."

"कंपनी देत न्हाय ओ. धोरण हाय."

करिष्मानं फळीवरचा कापडाचा तुकडा ओढला आणि त्यातला एक धागा सोडवला.

"आमच्यात नमुना आला की पहिला उसवत्यात. धागा-धागा मोजत्यात. नुस्तं बघून कोण विणतंय? उसवता येत न्हाय ती जाहिरात, नमुना न्हवं... आणि बोटांकडं काय बघताय, कापडाकडं बघा."

"कापडच बघतोय."

"थापा."

विकायचा माल कुलपात ठेवा, कोण नको म्हणतंय? पण शिकायला म्हणून दिलेल्या चार ओळींनाही कुलूप? तिचं डोकं ठणकत होतं. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी तो आला. दरवेळी नवी सबब, आणि दरवेळी चहा मात्र दोन कप.

शनिवारी त्यानं लॅपटॉप उघडून तिच्यापुढं सरकवला.

"साहेबांशी तीन दिवस भांडलो. नमुन्यापुरता कोड दे म्हणाले. परवाच."

"परवा? मग काल आलतासा तवा का न्हाय दिलासा?"

"लाज वाटली. लई घाईत लिवलाय. तुमी वाचलासा की कळंल... ह्या माणसाला धड काय येत न्हाय."

तिनं वाचलं. खरंच भिकार होतं. धाग्यांची संख्या त्यानं कायमची ठोकून ठेवली होती. कमळ-मोर तेवढ्यात मावत होते, तिचा काठ मावत नव्हता. तिनं आकडा बदलला. माग खडखडला आणि काठ बोटा-बोटानं वर येऊ लागला. आप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"यंत्र ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि आत गेले.

मंथन वायर गुंडाळू लागला. "आता मला यायचं कारण उरलं न्हाय."

करिष्माचा पारा चढला. "लाजंपायी माझा माग दोन दिवस बंद ठेवलासा. आता परत तेच? मनात काय हाय ते बोलाय कुठल्या साहेबाची परवानगी पायजे?"

"तुमची," तो पुटपुटला. "तुमी... आवडताय मला."

मागाच्या आवाजात काही कळलं नाही असं सांगून तिनं त्याला ते तीनदा म्हणायला लावलं. ऐकू तर पहिल्याच वेळी आलं होतं.